शब्द तेच, मग रॅपरच्या तोंडी आले की आपण का भडकतो?

सांजवेळ (धागाकर्ती)

गेल्या रविवारी गाडीत मुलीने तिचा फोन जोडला आणि एक रॅप सुरू झालं. तिसऱ्या ओळीत बाईला शिवी, पाचव्या ओळीत बंदूक. मी म्हटलं, "आधी बंद कर ते." तिने काही न बोलता बंद केलं आणि माझी यादी लावली. माझी म्हणजे जुनी इंग्रजी गाणी, कॉलेजपासून तोंडपाठ असलेली. थोड्या वेळाने बीटल्सचं 'रन फॉर युअर लाइफ' लागलं, १९६५ चं. मी स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरला होता, गुणगुणतही होते. त्या गाण्यात तो तिला बजावतो की दुसऱ्या पुरुषाबरोबर दिसण्यापेक्षा तू मेलेली परवडलीस, जीव प्यारा असेल तर पळ.

मुलगी म्हणाली, "आई, हे चालतं?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढचा सिग्नल येईपर्यंत आम्ही दोघी गप्प होतो. तीस वर्षं मी ते गाणं ऐकतेय आणि त्या ओळी कधी *ऐकल्याच* नव्हत्या. चाल ऐकली होती. रॅपमध्ये मात्र मला पहिल्यांदा ऐकतानाच शब्द ऐकू आले, आणि फक्त शब्दच ऐकू आले.

त्यानंतर चार रात्री वाचन केलं. जॉनी कॅश या अमेरिकी कंट्री गायकाच्या 'फॉल्सम प्रिझन ब्लूज'मधला माणूस सांगतो की रीनो शहरात एकाला गोळी घातली, का तर तो मरताना बघायचं होतं. गाणं १९५५ चं. १३ जानेवारी १९६८ ला कॅशने ते त्याच तुरुंगात कैद्यांसमोर गायलं. ध्वनिमुद्रिकेत त्या ओळीनंतर कैद्यांचा जोरदार जल्लोष ऐकू येतो. तो जल्लोष तिथे झालाच नव्हता, नंतर स्टुडिओत जोडला गेला. खुनाच्या ओळीवर आरोळी असली की गाणं अधिक उठावदार होईल असं कुणालातरी वाटलं आणि लोकांना ते आवडलंही. कॅशने शिक्षा म्हणून तुरुंगवास कधी भोगला नाही. कुणी त्याला "तू खरंच मारलंस का रे?" असंही विचारलं नाही. तो कलावंत आहे, पात्राच्या तोंडून बोलतोय, हे सगळ्यांनी न सांगता धरून चाललं.

मग मला कॅरी फ्राइड या मानसशास्त्रज्ञ बाईंचा १९९६ चा प्रयोग सापडला. त्यांनी १९६० च्या एका लोकगीताचे बोल घेतले. किंग्स्टन ट्रिओने गायलेलं ते गाणं, विषय पोलिसाचा खून. बोल कागदावर छापून लोकांना वाचायला दिले. काहींना सांगितलं हे रॅप आहे, काहींना सांगितलं कंट्री आहे, म्हणजे गोऱ्या ग्रामीण अमेरिकेचं समजलं जाणारं संगीत. अक्षरही बदललं नाही. ज्यांनी 'रॅप' म्हणून वाचलं त्यांना ते जास्त आक्षेपार्ह वाटलं, समाजाला घातक वाटलं, त्यावर बंधन हवं असं वाटलं. गायक काळा आहे असं सांगितलं तेव्हाही तसंच झालं.

म्हणजे त्या दिवशी गाडीत जे झालं ते माझ्या एकटीचं नाही. पण त्याने मला बरं वाटत नाही. रॅपमधली बायकांविषयीची भाषा मला आजही किळसवाणी वाटते आणि ती वाटावीच. प्रश्न हा आहे की मला ती *तिथेच* का वाटते. तुम्हाला काय वाटतं, मोकळेपणाने लिहा.

---

टिपकागद

चांगला विषय काढलात. बीटल्सच्या गाण्यातल्या त्या 'मेलेली परवडलीस' ओळीचा मागचा प्रवास सांगतो. ती बीटल्सच्या जॉन लेननची नव्हेच. आर्थर गंटर या काळ्या ब्लूज गायकाने १९५४ मध्ये गायलेल्या गाण्यात ती आहे. १९५५ मध्ये एल्विस प्रेस्लीने तेच गाणं गायलं. लेननने ती ओळ एल्विसकडून उचलली आणि तसं स्वतः सांगितलं. पुढे हे गाणं आपल्याला आवडत नाही, लिहायला नको होतं, असंही तो म्हणाला.

एक धमकी तीन तोंडांतून फिरली आणि अकरा वर्षांत जगभराच्या घरात पोचली. वाटेत तिच्यावर कुठेही 'धोकादायक' असा शिक्का बसला नाही.

---

वाटाड्या

मी असहमत. तुलना अर्धवट आहे असं माझं प्रामाणिक मत.

कॅशचा कैदी आगगाडीची शिट्टी ऐकतो आणि मान खाली घालून रडतो. आईने बंदुकीपासून लांब राहायला सांगितलेलं त्याला आठवतं. ते पश्चात्तापाचं गाणं आहे. जे रॅप ऐकून लोक भडकतात त्यात पश्चात्ताप कुठे असतो? तिथे मारल्याची मिजास असते, बाईला वस्तू केल्याची मिजास असते. शिवाय रॅपर स्वतःच म्हणतो की हे खरं आहे, मी हे जगलोय. त्या 'खरेपणा'वर त्याची विक्री चालते. मग ऐकणाऱ्याने ते खरं मानलं तर चूक त्याची कशी?

आणि प्रमाण बघा. बीटल्सच्या दोनशेच्या आसपास गाण्यांत असं एखाददुसरं. काही रॅपरांच्या एका अल्बममध्ये प्रत्येक गाण्यात तेच.

---

सांजवेळ

वाटाड्या, पश्चात्तापाचा मुद्दा मान्य. मी तो विचारात घेतला नव्हता. पण त्याच मापाने 'रन फॉर युअर लाइफ' मोजा. तिथे कुठे पश्चात्ताप आहे? शेवटपर्यंत धमकी आहे.

फ्राइडबाईंच्या प्रयोगात तर मिजास, प्रमाण, पश्चात्ताप सगळं दोन्हीकडे सारखं होतं, कारण कागदावरचे बोल तेच होते. फरक पडला तो वर लिहिलेल्या एका शब्दाने.

---

दस्तऐवज

ज्यांना वाटतं की हा फक्त आवडीनिवडीचा प्रश्न आहे, त्यांच्यासाठी फ्लोरिडातलं १९९० चं प्रकरण सविस्तर लिहितो. इथे माणसं अटकेत गेली.

टू लाइव्ह क्रू नावाचा रॅप गट. १९८९ चा त्यांचा अल्बम लैंगिक शिवीगाळीने ओतप्रोत, त्याबद्दल दुमत नाही. ६ जून १९९० ला होझे गोन्झालेझ या संघराज्य न्यायाधीशांनी तो कायद्याच्या अर्थाने अश्लील ठरवला. दोनच दिवसांनी फोर्ट लॉडरडेलमधल्या चार्ल्स फ्रीमन या काळ्या दुकानदाराला तो विकल्याबद्दल अटक झाली. आणखी दोन दिवसांनी जवळच्याच हॉलिवूड गावात (फ्लोरिडातलं, सिनेमावालं नव्हे) क्लबमध्ये फक्त प्रौढांसाठी ठेवलेल्या कार्यक्रमानंतर गटातल्यांना अटक झाली.

ऑक्टोबरमध्ये दोन्ही खटले त्याच काउंटीत चालले. फ्रीमनच्या खटल्यात सगळे ज्युरी गोरे होते. तो दोषी ठरला, हजार डॉलर दंड झाला. त्याच महिन्यात गायक मात्र निर्दोष सुटले. गाणी रचणारे आणि गाणारे निर्दोष, त्यांची कॅसेट गल्ल्यावरून देणारा दोषी! गायकांच्या खटल्यात पोलिसांनी चोरून केलेलं ध्वनिमुद्रण इतकं खराब होतं की शब्द नीट कळत नव्हते. मध्येच ज्युरींनी न्यायाधीशांना चिठ्ठी पाठवून विचारलं की आम्हाला मोठ्याने हसण्याची परवानगी आहे का. मी या चिठ्ठीपाशी अडून बसतो. शहराला धोका म्हणून ज्यांना बेड्या घातल्या, त्यांचे शब्द प्रत्यक्ष ऐकल्यावर त्या सामान्य माणसांना हसू आवरेना. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने अश्लीलतेचा मूळ निकालही फिरवला.

आता १९९० मध्येच अँड्र्यू डाइस क्ले हा गोरा विनोदवीर बायकांविषयी तितकीच घाण भाषा वापरून न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हजारोंची गर्दी खेचत होता. त्याच्यावरही टीका झाली, हे सांगायलाच हवं. एमटीव्हीने त्याला बंदी घातली होती आणि टीव्हीवरच्या कार्यक्रमात त्याच्यासोबत काम करायला एका सहकलाकार बाईने नकार दिला. म्हणजे त्याच्या वाट्याला निषेध आला आणि यांच्या वाट्याला कोठडी. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, याहून वेगळं काय आहे हे?

---

वाटाड्या

माहिती चांगली, पण निष्कर्ष घाईचा. हेवी मेटलला, म्हणजे कर्कश गिटारवाल्या रॉकला विसरताय. १९८५ मध्ये टिपर गोर आणि इतर राजकारण्यांच्या पत्नींनी स्थापलेल्या संस्थेने पंधरा घाणेरड्या गाण्यांची यादी काढली, कॅसेटवर इशाऱ्याची पट्टी लावायची मोहीम तिथूनच पेटली. त्या यादीत एकही रॅप नव्हतं. प्रिन्स, मॅडोना, एसी/डीसी, जूडस प्रीस्ट होते. जूडस प्रीस्टवर तर १९९० मध्येच रीनोत खटला चालला, गाण्यात लपवलेल्या शब्दांमुळे दोन तरुणांनी स्वतःवर गोळी झाडली असा आरोप होता. तो फेटाळला गेला. त्या बँडमधले सगळे गोरे. तेव्हा तरुणांच्या कुठल्याही कर्कश संगीताला मोठी माणसं घाबरतात, इतकंच मला यात दिसतं.

---

दस्तऐवज

तो धागा खरा आहे, मी नाकारत नाही. पण तुम्हीच मेटलचं नाव काढलंत तर १९९२ बघा. 'कॉप किलर' हे गाणं बॉडी काउंट या हेवी मेटल बँडचं. कर्कश गिटार, मेटलचीच चाल. फक्त पुढे उभा आइस-टी रॅपर म्हणून प्रसिद्ध होता आणि काळा होता. टेक्सासच्या पोलीस संघटनेने अल्बम काढणाऱ्या टाइम वॉर्नर कंपनीवर बहिष्काराची हाक दिली, अमेरिकेचे उपाध्यक्ष क्वेल तुटून पडले, अभिनेता चार्ल्टन हेस्टनने भागधारकांच्या सभेत उभं राहून अल्बममधले बोल वाचून दाखवले. आणि जवळजवळ सगळीकडे त्याला 'रॅप गाणं' म्हटलं गेलं. जुलैअखेर आइस-टीने ते मागे घेतलं.

१९७४ मध्ये एरिक क्लॅप्टन या गोऱ्या गायकाने शेरिफला गोळी घातल्याचं बॉब मार्लीचं गाणं गायलं, तेव्हा ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं.

---

शेवंती

मी सकाळपासून हा धागा वाचतेय आणि एक गोष्ट खुपतेय. पोलीस, शेरिफ. कुणाच्या खुनाच्या गाण्यावर कोण भडकलं याचा हिशेब चाललाय. 'कॉप किलर'साठी अख्खा देश हलला. बाईला मारण्याच्या, ओरबाडण्याच्या गाण्यांसाठी कधी हलला?

किम्बर्ली क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासक बाईंनी १९९१ मध्ये टू लाइव्ह क्रूवर लेख लिहिला होता. त्यांनी दोन्ही बाजूंना धरलं. सरकारी कारवाईत वंशभेद आहे, हे त्यांनी स्पष्ट म्हटलं. पण गटाच्या बाजूने साक्ष देणाऱ्या हेन्री लुई गेट्स या साहित्याच्या प्राध्यापकांच्या युक्तिवादालाही त्यांनी सोडलं नाही. गेट्स म्हणाले होते की ही काळ्या समाजातली शाब्दिक चढाओढीची, अतिशयोक्तीची जुनी परंपरा आहे. क्रेनशॉ विचारतात, परंपरा असली म्हणून तिच्या खाली ज्या काळ्या बायका भरडल्या जातात त्यांचं काय? खटला भरणाऱ्यांना त्यांची पर्वा नव्हती, बचाव करणाऱ्यांनाही नव्हती. त्यांच्या अंगावर फेकलेल्या शब्दांवरून दोन पुरुषी पक्षांची लढाई झाली.

हा दुसरा दुटप्पीपणा. तो आपल्यासारख्या समजूतदार म्हणवणाऱ्यांचा आहे. एखाद्या राजकारण्याने तेच वाक्य बोललं तर आपण राजीनामा मागू. आवडत्या रॅपरने म्हटलं की "संदर्भ समजून घ्या." सी. डेलोरेस टकर आयुष्यभर नागरी हक्कांसाठी लढल्या, मार्टिन ल्यूथर किंगबरोबर मोर्च्यात चालल्या. नव्वदच्या दशकात त्या टोळ्या-बंदुकांच्या गँगस्टा रॅपच्या विरोधात उभ्या राहिल्या तर कितीतरी गाण्यांतून त्यांच्याच नावाने शिव्या घातल्या गेल्या. त्यांची मागणी पटो न पटो, आपल्या मुली हे ऐकून काय शिकतात असं विचारणारी काळी बाई होती ती.

आणि मग २०२० साल. कार्डी बी आणि मेगन दी स्टॅलियन या रॅपर बायकांचं एक गाणं आलं, त्यात बायका स्वतःच्या सुखाबद्दल स्वतः बोलतात. उघडं बोलतात, अगदी उघडं. तीस वर्षं पुरुषांनी बाईच्या देहाबद्दल जे गायलं त्यावर चकार शब्द न काढलेल्या कितीतरी लोकांना त्या आठवड्यात अचानक संस्कृती आठवली.

---

निळीशाई

शेवंतीताई, मी रॅप ऐकत मोठा झालो, तुमचं बोलणं लागलं आणि पटलंही. फक्त एक. रॅप म्हणजे एकच गोष्ट नाही. रॅपर केन्ड्रिक लामारला २०१८ मध्ये संगीताचं पुलित्झर मिळालं, शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेर हे पारितोषिक जायची ती पहिलीच वेळ. कादंबरीतला खुनी निवेदक आपण वेगळा काढतो, लेखकाला अटक करत नाही. तेवढीच सवलत रॅपरला मागतोय.

---

शेवंती

सवलत घ्या. कादंबरीकाराला मिळते तेवढीच. पण कादंबरीकाराच्या बाईपात्रांवर जशी टीका होते तशीही मग झेला.

शब्द बदलता येत नाही असं मात्र कुणी सांगू नये. २०२२ च्या जूनमध्ये लिझो या गायिकेच्या गाण्यात अपंगांना लागेल असा एक शब्द होता. लोकांनी दाखवून दिलं, तिने काही दिवसांत गाणं बदललं. ऑगस्टमध्ये बियॉन्सेनेही तोच शब्द काढला. योग्यच झालं. बाईला कुत्री म्हणणारा शब्द त्याआधी कितीतरी वर्षं तिथेच होता, आजही आहे. तो काढा म्हणण्याइतका आवाज कधी एकत्र आला नाही.

---

टिपकागद

आवाज नाही, पण पैसा कधीकधी एकत्र येतो. २०१३ मध्ये रॅपर रिक रॉसने बाईच्या पेयात तिला नकळत औषध घालण्याची ओळ गायली. महिला संघटना रस्त्यावर उतरल्यावर रीबॉकने त्याच्याशी करार तोडला. तशी ओळ हा गुन्ह्याचा सरळ पाठ आहे, करार तुटला ते बरंच झालं. पण तोवर कंपनीला त्याच्या बाकीच्या ओळींचं काही वाटलं नव्हतं.

---

साक्षीपुरावा

वकिली करते, म्हणून न्यायालयाची बाजू लिहिते. माझ्या मते खरं घोडं इथे पेंड खातं. आपल्याला गाणं आवडलं नाही तर आपण बंद करतो. तिथे त्याच कागदावरून माणसाची वर्षं जातात.

न्यू जर्सीतला व्हॉन्टे स्किनरचा खटला घ्या. खुनाच्या प्रयत्नाचा आरोप. सरकारी वकिलाने ज्युरीसमोर त्याच्या रॅपच्या वह्यांमधली तेरा पानं वाचून दाखवली. त्यातलं बरंचसं घटनेच्या कितीतरी आधी लिहिलेलं, त्या घटनेशी संबंध नसलेलं. तो दोषी ठरला. २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गुन्ह्याशी ठोस धागा जुळत नसेल तर असे बोल पुरावा म्हणून वाचू नयेत. निकालपत्रात म्हटलंय की बॉब मार्लीने खरोखर शेरिफला गोळी घातली किंवा कथाकार एडगर ॲलन पोने खरोखर कुणाला फरशीखाली पुरलं असं कुणी मानत नाही.

ज्यांनी कधी न्यायालय पाहिलं नाही त्यांना हे सांगायला हवं की सपाट आवाजात वाचलेले बोल किती भयंकर वाटतात. ठेका नाही, यमक नाही, श्रोत्यांचं हसणं नाही. उरते फक्त कबुली. मी एकदा माझ्या आवडत्या शोकगीताच्या ओळी तशा वाचून बघितल्या. आरोपपत्र वाचल्यासारखं वाटलं.

कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायदा केला, कलाकृती पुरावा म्हणून दाखवायची तर न्यायाधीशाने त्यामुळे पूर्वग्रह किती वाढेल हे आधी तोलायचं. उलट जॉर्जियात यंग थग या रॅपरच्या खटल्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी बोल अटींवर दाखवू दिले. तो मे २०२२ पासून कोठडीत होता, ऑक्टोबर २०२४ मध्ये काही आरोपांत गुन्हा कबूल करून सुटला. त्याने काय केलं, काय नाही, यावर मी बोलणार नाही. त्याच्या ओळी पुरावा होऊ शकतात आणि जॉनी कॅशच्या होऊ शकत नाहीत, हे कुठल्या नियमाने ठरलं एवढं मला कुणी सांगावं.

---

वाटाड्या

साक्षीपुरावा, न्यायालयाच्या मुद्द्यावर मी माघार घेतो. तिथे माझा 'खरेपणा'चा युक्तिवाद चालणार नाही. बाजारात मिरवलेला खरेपणा आणि न्यायालयातला खरेपणा मी एकाच तागडीत घातला होता.

तरी एक नोंद. फ्राइडबाईंचा प्रयोग २०१६ मध्ये डनबार, कुब्रिन आणि स्कुरिच यांनी पुन्हा केला. 'रॅप' म्हटलं की बोल जास्त आक्षेपार्ह आणि जास्त *खरे* वाटतात, हे पुन्हा दिसलं. पण लेखक काळा की गोरा हे बदलून पाहिलं तेव्हा त्याचा वेगळा परिणाम आढळला नाही. म्हणून सगळं सरसकट वर्णावर ढकलू नये, हे माझं म्हणणं कायम आहे.

---

दस्तऐवज

नोंद रास्त आहे. माझ्या पहिल्या प्रतिसादात मी ते फार सरळ करून टाकलं होतं. मात्र 'रॅप' हा शब्द ऐकताच डोळ्यांसमोर कोण उभं राहतं, तेही विचारा. कदाचित वर्ण त्या शब्दाच्या आतच बसलेला असेल.

---

सांजवेळ

सगळ्यांचे आभार. काल रात्री मुलीबरोबर बसले. दोघींच्या यादीतली पाच-पाच गाणी घेतली, नावं काढून टाकून फक्त बोल एकेका कागदावर छापले, पानं पिसली आणि आळीपाळीने सपाट आवाजात वाचली. कुठलं चालेल, कुठलं नाही, ते पेन्सिलने लिहायचं ठरलं.

माझ्या पाचातल्या दोनांवर मीच फुली मारली. तिच्या पाचातल्या तिनांवर तिने. एक कागद आम्हा दोघींनाही फार सुंदर वाटला, आईला लिहिलेल्या पत्रासारखा. तो तिच्या यादीतला रॅप निघाला. दुसऱ्या एकावर ती म्हणाली, "हा माणूस आजारी आहे." ते माझं होतं, लग्नात वाजवलेलं.

शेवटी तिने विचारलं, "मग तू काढणार का तुझी दोन?" मी म्हटलं, तू काढणार का तुझी तीन? ती म्हणाली, एक काढते, बाकीच्या दोनांवर विचार करायचाय. मीही एक काढलं. 'रन फॉर युअर लाइफ' अजून यादीत आहे. आज सकाळी ऑफिसला जाताना ते लागलं. ताल धरला नाही. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत शब्द ऐकले.